पोदेर बसतो तेव्हा

लाटंबार्सेच्या वरच्या वाड्यावर पाव घेऊन येणारा पोदेर उजाडता उजाडता येतो. भोंपू वाजवत चढ चढतो, आंब्याला सायकल टेकवतो आणि दम खाता खाता घरोघरचे उंडे, कडक सालीचे गोल पाव, मोजून देतो. त्या दिवशीही तो येऊन गेला. वत्सलाने उंडे घेतले, चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, आणि मग बऱ्याच वेळाने रस्त्यावरून एक पिल्लू आले. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, पोट पाठीला लागलेले. मान खाली आणि नाक मातीला.

बाबली गवस पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. त्याने सहज पाहिले आणि पाहतच राहिला. पोदेर ज्या वाटेने गेला होता, नेमक्या त्याच वाटेने पिल्लू चालले होते. आंब्याखाली सायकल टेकवली होती तिथे ते थांबले, एक गिरकी मारली. शेजारच्या परबांच्या फाटकापाशी थांबले. मग बाबलीच्या अंगणात शिरले, वत्सला जिथे उभी राहून उंडे घेत होती तिथली माती हुंगली, आणि पुन्हा रस्त्याला लागले. पोदेर तोवर पार खालच्या देवळापाशी पोचला असेल. तो दिसत नव्हता आणि त्याचा भोंपूही ऐकू येत नव्हता.

"हयसर ये गे. ह्या बघ," बाबलीने बायकोला हाक मारली.

"काय बघू? कुत्र्याचा पिल्लू?"

"तेचा नाक बघ."

"नाकाक काय झाला तेच्या?" वत्सला हात पुसत बाहेर आली. तिला त्या नाकात काही विशेष दिसले नाही. बाबली मात्र तेलकट हातांनीच उठला, लंगडत रस्त्यावर गेला आणि उंड्याचा तुकडा दाखवत पिल्लू घरात घेऊन आला. नाव शोधायची गरजच पडली नाही. पोदेराच्या मागून आला म्हणून पोदेर. खऱ्या पोदेराने चार दिवस तोंड वाकडे केले, सकाळी सकाळी आपल्या नावाने कुत्र्याला साद घालतात म्हणून. मग आदल्या दिवसाचा उरलेला उंडा तोच त्याच्यापुढे टाकू लागला.

आता, नाकाचे एवढे कौतुक बाबलीला का, तर त्याच्या गाईमुळे.

टिकली ही गावठी गाय, अंगाने बुटकी, काळी, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका. दुधाला बेताची, पण स्वभावाने पक्की. एरवी हाक मारली की येणार, पण विण्याचे दिवस आले की ती कोणाची नाही. डोंगरात जाणार, कुठल्या तरी झुडपात विणार, वासराला तिथेच लपवून ठेवणार, आणि तहान लागली की एकटीच घरी येऊन पाणी पिऊन जाणार, जणू काही झालेच नाही. पहिल्या वेळी बाबलीने दिवस भरत आले तशी तिला गोठ्यात बांधून घातली. तिने खाणे सोडले, रात्रभर खुंट्याभोवती फिरून दावे स्वतःलाच गुंडाळून घेतले, आणि सकाळी वासरू मेलेले मिळाले. त्या दिवसापासून बाबलीने विणाऱ्या गाईला बांधायचे नाही असे ठरवले. मागच्या उन्हाळ्यात मोकळी सोडली, तर वासरू बिबट्याने नेले. डोंगरातल्या व्हाळाच्या, ओढ्याच्या काठी करवंदीच्या जाळीत वत्सलाला एक इवलासा खूर मिळाला. तो तिने घरी आणला नाही, तिथेच मातीत पुरला.

पाणी पिऊन परत निघालेल्या गाईच्या मागून जायचे, एवढी साधी गोष्ट. पण ज्याला ती साधी वाटते त्याने टिकलीच्या मागून जाऊन बघावे. वत्सला मागच्या साली गेली होती. टिकलीने घराच्या मागचा चढ चढला, वळून पाहिले, वत्सला दिसली, आणि ती तिथेच चरू लागली. चरता चरता बसली. रवंथ करू लागली. उन्हाने वत्सलाचे डोके चढले, करंजाच्या सावलीत जरा डोळा लागला, आणि उघडून पाहते तर गाय नाही. आधीच्या काळात बाबलीने ती डोंगर पालथा घालून शोधली असती. पण दोडामार्गाकडून तो पोरवयात इथे खाणीवर ट्रक भरायला आला होता, आणि तिथेच एकदा ट्रकचा फाळका सुटून गुडघ्यावर बसला. खाण पुढे बंद पडली. गुडघा मात्र तसाच राहिला. सपाटीवर चालायला ठीक, चढावर चार पावले टाकली की पाय थरथरायला लागे.

टिकली पुन्हा गाभण होती. वैशाख सरता सरता विणार होती. आणि वत्सलाने या वेळी सांगून ठेवले होते.

"ह्या वर्सा वासरू गेला तर मी टिकलीक ठेवूची नाय. गोशाळेत देवया. माका परत खूर पुरूचो नाय."

बाबली उठून गोठ्यात गेला. टिकली त्याने तिच्या आईच्या पोटातून स्वतःच्या हातांनी ओढून काढली होती.

*

बाबली रघुनाथ परबांच्या भट्टीवर काजू तुडवायचे काम करी. डोंगरात जांभा दगड कोरून उथळ कुंड केलेले असते, त्याला कोळमी म्हणतात. त्यात काजूची बोंडे ओतायची आणि पायांनी तुडवायची. वर आडवा बांबू बांधलेला असतो, त्याला धरून उभे राहिले की अर्धा भार हातांवर येतो. म्हणून तो गुडघाही चालून जाई. यंत्र आले आहे, पण रघुनाथ म्हणे, यंत्राने चोथाही पिळला जातो आणि दारू कडवट होते. खरे कारण असे की बाबलीच्या पायांखालून निघालेल्या रसाची चव गिऱ्हाइके विचारून घेत. तीन-चार महिने सकाळपासून दुपारपर्यंत बाबली त्या पिवळ्या चिखलात असे. टाचांच्या भेगांत रस मुरे. गाव त्याला सरावला होता. बाबली देवळात शिरला की आंबूस वास त्याच्या आधी आत येई आणि भटजी न बघताच त्याला घंटा वाजवता यावी म्हणून बाजूला होई.

दुपारी घरी आला की तो अंग टाकी, आणि ऊन उतरले की पोदेराची शाळा सुरू होई. टिकलीच्या गळ्यातले जुने दावे घ्यायचे, ते जमिनीवरून ओढत कुंपणापर्यंत जायचे, तिथे दगडाखाली दावे ठेवायचे, आणि त्यावर सुक्या बांगड्याचा तुकडा. मग परत येऊन पिल्लाला ओटीवरून सोडायचे. आधी कुंपणापर्यंत. मग विहिरीपर्यंत. मग विहिरीला वळसा घालून फणसापर्यंत. पिल्लाच्या गळ्यातली लांब दोरी बाबली स्वतःच्या कमरेला बांधी आणि शोधायला सांगत हळूच म्हणे, "सोद."

त्या माणसाची ही गंमत बघण्यासारखी होती. खाणीवर असताना मुकादमाशी भांडला म्हणून दोनदा घरी बसलेला हा बाबली. वत्सलाने भातात मीठ कमी टाकले तर ताटावरून उठणारा. पण कुत्र्यापुढे त्याचा आवाज चढत नसे. पिल्लू घाईला आले, दोरी ताणून धावू लागले, की तो ओरडत नसे, नुसता थांबे. गुडघ्यामुळे दुसरे काही करताही येत नव्हते. पिल्लू ओढून ओढून दमे, मागे वळून बघे, परत नाक खाली घाली. असे करता करता त्याला कळले की या माणसाबरोबर जायचे तर पावलापावलाने जायचे. आणि माग काढणाऱ्या कुत्र्याला एवढेच यावे लागते, घाई न करणे. चांगल्या पायांच्या माणसाने ते त्याला कधी शिकवले नसते.

"सुक्या बांगड्यांची बरणी अर्धी जाली," वत्सला म्हणे. "पावसाक काय कुत्र्याचा नाक खावया?"

पण संध्याकाळी काम आटोपून तीही पायरीवर येऊन बसे. पिल्लू फणसाच्या मुळांतून वळसे घेत, बाबली गेला होता तिथून अचूक जाऊन दगडाखालचे दावे तोंडात धरून आणू लागले, तेव्हा तिने एकदा आपल्या वाटणीचा बांगडा न सांगता काढून दिला.

शिमगा झाला, पाडवा झाला. पोदेर आता पिल्लू राहिला नव्हता, पाय लांब झाले होते. पडलेला कान पडलेलाच राहिला. बाबली भट्टीवर त्याच्याच गोष्टी सांगू लागला. तुडवता तुडवता सांगे, जेवता जेवता सांगे. भट्टीखाली लाकडे सारणारा सगुण शेवटी कंटाळला.

"बाबल्या, तुझ्या कुत्र्याक पोलिसांत लाव मरे," तो म्हणाला.

रघुनाथ मडक्यावर फडके गुंडाळत होता. तो हसून म्हणाला, "दाखय तरी एकदा. पण वाट तू घालतंस, कुत्रोय तूच धरतंस, तसा नको. दावा मी ओढतंय."

"ओढा तर," बाबली म्हणाला. त्याला उलट बरेच वाटले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तो पोदेरला घेऊन भट्टीवर गेला. अंगात इस्त्रीचा सदरा होता. बोंडे गोळा करणाऱ्या बायका टोपल्या उपड्या घालून त्यांवर बसल्या. रघुनाथने टिकलीचे दावे घेतले, पायांतल्या रबरी बुटांनी फटाक फटाक करत माडापर्यंत गेला, माडाला वळसा घालून लाकडांच्या राशीमागे दावे ठेवून आला. पोदेर तोवर बाबलीने झोपडीत बांधून ठेवला होता. त्याला बाहेर आणले. बाबलीने कमरेला दोरी बांधली, घसा साफ केला.

"सोद."

पोदेरने जमीन हुंगली. डावीकडे गेला, परत आला. उजवीकडे गेला, परत आला. एक मोठी गिरकी मारली, बाबलीच्या तोंडाकडे पाहिले, आणि बसला.

"सोद रे."

पोदेर बसूनच राहिला.

"पोदेराचो पाव खावन पोट भरला तेचा," सगुण म्हणाला. "आता तो वामकुक्षी घेतलो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाबलीने दोरी ओढली. कुत्रा उठला नाही, बसल्या बसल्याच मातीतून फरफटत आला, तसे रघुनाथलाही हसू आवरेना. बाबलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने वाकून पोदेरच्या पाठीत एक थापट दिली. आजवर कधी दिली नव्हती. कुत्रा ओरडला नाही, फक्त जमिनीला चिकटला आणि पडलेला कान आणखी पाडून तसाच राहिला.

घरी येताना दोघांत दोरी सैल लोंबत होती. वत्सलाने पान वाढले. बाबलीने भात चिवडला आणि उठला. ती काय झाले ते विचारत बसली नाही, सगुणच्या बायकोकडून तिला सगळे आधीच कळले होते.

*

सकाळी वत्सला अंगण सारवत होती. अर्धे सारवून झाले तोच बाबली कामाला निघाला आणि ओल्या शेणावरून तडक चालत गेला.

"दिसत नाय काय तुमका?" ती करवादली. तो ऐकून न ऐकल्यासारखा फाटकाबाहेर गेला. आता परत हात मारावा लागणार म्हणून ती वाकली, तर पोदेर आला. नाक खाली. बाबलीच्या एका पावलावरून दुसऱ्या पावलावर, एकही न चुकवता, पावलापावलाने. एका ठशापाशी थांबून त्याने तो चाटलाही.

वत्सलाचा हात शेणात तसाच राहिला. मग ती उठली आणि फाटकापर्यंत धावत गेली.

"थांबा. पाय दाखवा."

"काय?"

"पाय दाखवा म्हटलंय. वर करा."

बाबली कुंपणाला धरून एका पायावर उभा राहिला. भररस्त्यात वत्सलाने वाकून नवऱ्याच्या टाचेचा वास घेतला. समोरून येणारा खरा पोदेर सायकलवरून उतरून बघत राहिला.

"काजूच्या बोंडांचो वास," ती म्हणाली. "धुतल्यार पण जायत नाय. आता बघा. दावा ओढत कोण जाय होता? तुमी. अनवाणी. तो टिकलीच्या मागसून खय चलता? तो तुमच्या पायांमागसून चलता. सगळो उनाळो तुमी तेका तुमचोच माग शिकवलास. काल रघुनाथबाब गेले, बूट घालून. तो बिचारो काय सोदतलो?"

बाबली अजून एका पायावरच होता. त्याने पाय खाली टेकला. पोदेर येऊन त्या पायापाशी उभा राहिला, शेपटी हळू हलवत, मारलेले कालचे होते म्हणून जरा अंतर राखून.

"म्हणजे नाक बरा आसा," बाबली शेवटी म्हणाला.

"नाकाक कोण नाव ठेवता? मास्तर चुकलो."

त्या दुपारी बाबलीने आपल्या पानातला अख्खा बांगडा उचलून पोदेरपुढे ठेवला. वत्सलाने पाहिले आणि दुसरा वाढला.

मग सगळे पहिल्यापासून. आता दावे नाही, काही ओढणे नाही. टिकलीच्या स्वतःच्या खुरांचा माग. सकाळी टिकली चरायला सुटली की वत्सला घराच्या मागच्या खडकावर चढून ती कुठे जाते ते बघून ठेवी. बाबलीने रघुनाथला सांगून तुडवायला जरा उशिरा जायचे ठरवले. रात्री टिकली बसलेली असे तिथले गवत पोदेरच्या नाकाला लावायचे, गोठ्याच्या दारात नेऊन म्हणायचे, "सोद." पहिल्या दिवशी पोदेर वळून बाबलीचेच पाय हुंगायला लागला. बाबली थांबला. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी खुराच्या एका ठशावर नाक अडकले, आणि बाबलीने दोरीतून ओळखले की कुत्रा वेगळ्या वासावर लागला आहे. दोरी कशी थोडी जड झाली होती.

परबांच्या म्हशी, सगुणचे बैल, सगळ्यांचे खूर त्याच वाटेने जात. पोदेर त्यांत गोंधळे, थांबे, मागे येई, परत सुरुवात करी. रागावणे नव्हते, शाबासकीचे ढोलही नव्हते. बरोबर निघाले की बांगड्याचा तुकडा, नाहीतर पुन्हा उद्या. एकदा टिकली घरीच असताना त्याला सोडले, तर तो गोठ्यात जाऊन तिच्याच शेजारी ऐटीत उभा राहिला, ही बघा म्हणून. वत्सला हसून हसून खाली बसली. पण ती अडचण खरी होती. वासरू डोंगरात आणि गाय घरी असतानाच तर शोधायचे होते. म्हणून बाबलीने टिकली दुपारी जिथे रवंथ करत बसे त्या त्या जागी बांगडा ठेवायला सुरुवात केली, आणि कुत्र्याला गोठ्यातून न सोडता मागच्या आवाठातून, म्हणजे परसातून, टिकली डोंगरातून आत शिरे तिथून सोडू लागला. गाय पाठीमागे हंबरत असतानाही पोदेर तिला सोडून तिच्या जुन्या वाटेने वर जायला शिकला तो दिवस बाबलीने कोणाला सांगितला नाही. भट्टीवर आता तो गप्प तुडवी.

*

वैशाखाच्या शेवटी टिकली एके संध्याकाळी परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. वत्सलाने पाण्याची दोण भरून ठेवली. सगुणने निरोप दिला की सड्यावरच्या कातळावर रात्री कोल्हे फार ओरडत होते, आणि व्हाळाकडे कोणाची शेळी बिबट्याने नेली.

त्याच्या पुढच्या पहाटे टिकली दोणीपाशी उभी होती. पोट उतरलेले, कास ओली. पाणी पिता पिता कान डोंगराकडे लावलेले.

"तुमी जावा," वत्सला कुजबुजली. "मी हिका पेज घालतंय. जितको वेळ थांबता तितको थांबवतंय."

दव अजून होते. बाबलीने कमरेला दोरी बांधली, हातात काठी घेतली. आवाठात मोकळ्या मातीवर खुरांचे ताजे ठसे होते. तो खाली बसला, पोदेरची मान धरली. बोलायचे बरेच होते, पण त्याने एकच शब्द उच्चारला.

"सोद."

पोदेर निघाला. घराच्या मागचा चढ, मग करंजांची रांग, मग परबांच्या काजूंत. काजूंखाली शेवटची बोंडे सडत पडली होती, सगळी हवा आंबूस झाली होती, आणि पोदेर तिथे थांबला. नाक इकडेतिकडे फिरू लागले. बाबलीने काठी घट्ट धरली. हाच तो वास, उन्हाळाभर आपणच याच्या नाकात भरवलेला. पोदेर एका फुटक्या बोंडापाशी गेला, हुंगला, शिंकला. आणि त्याला ओलांडून पुढे गेला. बाबली एका काजूला टेकला, गुडघ्याला विसावा म्हणून, आणि सुटलो असे वाटले म्हणूनही.

चढ संपतो तिथे वाट फुटते. डावीकडे सडा, उघडा जांभा दगड, त्यात जुन्या चिऱ्यांच्या खाणी. उजवीकडे उतार, व्हाळ आणि करवंदीच्या जाळ्या. पोदेर डावीकडे वळला.

"तसा नाय रे," बाबली म्हणाला. उघड्या दगडावर गाय कशाला विणेल? ना सावली, ना आडोसा. मागच्या साली ती करवंदीतच व्यालेली. जनावर जागा सोडत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. त्याने दोरी ओढली. पोदेर क्षणभर अडला, मग बाबलीच्या बाजूने उतरू लागला. उतारावर गुडघा जास्तच दुखतो. काठी टेकत, एका हाताने झुडपे धरत, दात दाबून बाबली व्हाळापर्यंत उतरला.

जाळीच्या तोंडाशी मऊ मातीत पंजे उठले होते. मोठे, गोल, ताजे. बिबट्याचे.

"सोद," तो म्हणाला. "सोद, पोदेर."

पोदेरने जमीन हुंगली. डावीकडे गेला, परत आला. उजवीकडे गेला, परत आला. एक गिरकी मारली, बाबलीच्या तोंडाकडे पाहिले, आणि बसला.

अगदी त्या दिवसासारखा. बाबलीचा हात वर गेला. उन्हे चढत होती, दव वाळत होते, वासरू इथे आत फाटलेले पडले असेल आणि हा बसला आहे. मग त्याचा हात तसाच थांबला. त्या दिवशी भट्टीवरही हा असाच बसला होता. त्याला शिकवला होता तो माग तिथे नव्हता, म्हणून बसला होता. त्याने काही चुकवले नव्हते. नाही ते नाही, एवढे तो सांगत होता, आणि सांगितल्याबद्दल त्याने मार खाल्ला होता.

टिकली इथे आलीच नाही. बाबलीने पंजांकडे पाहिले, जाळीकडे पाहिले. वत्सलाने खूर पुरला ती जागा त्या जाळीतच होती. गायही ती विसरली नव्हती.

त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. वर केलेला हात त्याने पोदेरच्या पाठीवर ठेवला, थापट दिली होती तिथेच.

"चल बाबा," तो म्हणाला. "तू म्हणतस तसा."

तो उतार परत चढायला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. काही ठिकाणी तो बसून, हातांवर मागे सरकत चढला. पोदेरने दोरी एकदाही ताणली नाही. बाबली थांबला की तो थांबे, बाबली हलला की हले. वाट फुटते तिथे पोचल्यावर सांगावे लागले नाही. नाक खाली गेले, दोरी जड झाली, आणि कुत्रा तापू लागलेल्या उघड्या दगडावरून चालू लागला. तिथे खुराचा ठसा नाही की गवताची काडी नाही. बाबलीला काहीही दिसत नव्हते. तो नुसता दोरीच्या मागून जात होता.

चिऱ्यांची एक जुनी खाण, कोणी तरी अर्धी कापून सोडून दिलेली. सरळ कापलेल्या भिंती, उतरायला एका बाजूने ओबडधोबड पायऱ्या, तळाशी पाचोळा आणि एका कोपऱ्यात वाढलेला रानकेळीचा झुबका. पोदेर काठावर थांबला. शेपटी ताठ झाली. बाबली पोटावर आडवा होऊन खाली वाकला.

केळीच्या पानांखाली काळे काही तरी होते. ते हलेना. बाबली आणखी पुढे सरकला. मग एक कान हलला, माशी उडवायला. आणि कपाळावर आईचाच पांढरा ठिपका.

बाबलीने फोन काढला. वत्सलाने पहिल्याच घंटेला उचलला.

"आसा?" तिनेच विचारले.

"आसा," तो म्हणाला. "जित्ता आसा. सड्यावरच्या खणीत. ये तू."

वत्सला आली तेव्हा टिकली तिच्या पुढे धावत होती. आज लपवाछपवी नव्हती. काठावर कुत्रा आणि मालक बघून तिने शिंगे खाली घातली. पोदेर उठला, चार पावले मागे सरला आणि दगडावर पसरला, जणू आपले काम झाले, पुढचे तुमचे तुम्ही बघा. खाणीत उतरणे बाबलीला शक्य नव्हते. वत्सलाने पदर खोचला, भिंतीला धरून उतरली, वासरू पाडी आहे हे बघितले आणि तिला खांद्यावर घेऊन वर आली. एरवी बायकोला ओझे उचलताना बघून त्याला कसेसेच होई, आज तो हात पुढे करून नुसता उभा राहिला.

"तुमचे डोळे कित्याक लाल?" तिने विचारले.

"ऊन."

उतरताना वाट भट्टीवरूनच होती. पुढे टिकली, मागे खांद्यावर पाडी घेतलेली वत्सला, तिच्या मागे बाबली आणि शेवटी सैल दोरीत पोदेर. कोळमीजवळच्या बायका उठून उभ्या राहिल्या. सगुणने हातातले लाकूड खाली ठेवले. रघुनाथ पुढे आला, पाडीच्या कपाळावरून हात फिरवला, आणि कुत्र्याकडे बघून हसत म्हणाला,

"म्हणजे आज तुझो पोदेर बसलो नाय?"

बाबलीने दोरी कमरेची सोडली आणि हातात गुंडाळली.

"बसलो तर," तो म्हणाला. "मी चुकलंय थयसर."